शेजारच्या आजोबांचा डबा : जुने स्कॉटिश सामने, जुने कागद आणि एक न सुटलेलं कोडं

समुद्रपक्षी (शनिवार, १० जानेवारी, रात्री ९.१२)

मंडळी, नमस्कार. मुंबई हायचं काम सोडून उत्तर समुद्रावरच्या कामासाठी ॲबर्डीनला आलो, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. आलो तेव्हा फुटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसणारी इंग्लंडची लीग, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचं सगळं शिकवलं ते शेजारच्या आजोबांनी. आमचं घर लागलं त्याच आठवड्यात त्यांनी कुंपणापलीकडून 'फिट लाइक?' असं विचारलं होतं. ॲबर्डीनच्या बोलीत त्याचा अर्थ 'कसं काय?' आणि त्याच्या पुढचं वाक्य 'शनिवारी मोकळा आहेस का?' असं होतं.

आजोबा आता ८४ वर्षांचे आहेत. मोठं घर सोडून ते लेकीकडे राहायला चाललेत. सामान आवरताना त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. डब्यात साठेक मॅच प्रोग्रॅम, म्हणजे सामन्याच्या दिवशी मैदानावर विकल्या जाणाऱ्या छापील पुस्तिका आहेत. सर्वांत जुना १९५४ चा, ॲबर्डीनच्या पिटोड्री मैदानावरच्या ॲबर्डीन विरुद्ध हार्ट्स या स्कॉटिश कपच्या उपांत्यपूर्व सामन्याचा. त्या दिवशी, १३ मार्चला, मैदानात ४५,०६१ माणसं होती. पिटोड्रीचा तो विक्रम आजही कायम आहे आणि आता मोडणारही नाही, कारण १९७८ पासून तिथे सगळ्यांना बसायला खुर्च्या आहेत. प्रोग्रॅमखेरीज लाल क्रेप कागदाचं एक फूल आहे, जे कोटाला लावून सामन्याला जायचे. अर्धी फाडलेली तिकिटं आहेत, आणि 'ग्रीन फायनल'चे चार अंक. ग्रीन फायनल म्हणजे शनिवारी संध्याकाळी फक्त खेळाच्या निकालांसाठी निघणारं हिरव्या कागदावरचं वर्तमानपत्र. सामना संपवून माणूस घरी पोचेपर्यंत ते कोपऱ्यावरच्या दुकानात आलेलं असायचं.

डब्यातली माझी सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे बोटीच्या प्रवासाचा एक चुरगळलेला कागद. ११ मे १९८३ रोजी ॲबर्डीनने गोथेनबर्गला रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला. एरवी शेटलंडला जाणारी 'सेंट क्लेअर' ही बोट तेव्हा शेकडो चाहत्यांना घेऊन थेट ॲबर्डीनच्या बंदरातून स्वीडनला गेली होती, आणि आजोबा त्या बोटीवर होते. त्या रात्रीचा पाऊस ते असा सांगतात की ऐकताना आपलेच मोजे ओले झाल्यासारखं वाटतं. सातव्या मिनिटाला एरिक ब्लॅकचा गोल झाला. मग ॲलेक्स मक्लीशने गोलकीपरकडे मागे दिलेला चेंडू साचलेल्या पाण्यात अडकला, त्यातून रेआलला पेनल्टी मिळाली आणि १-१ झालं. जादा वेळेत, ११२ व्या मिनिटाला मार्क मघीने डावीकडून चेंडू उचलून दिला आणि बदली आलेल्या जॉन ह्युइटने डोकं लावलं. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन तेव्हा ४१ वर्षांचे होते. मँचेस्टरवाले फर्ग्युसन जगाला माहीत आहेत, आमच्या गावाला हे माहीत आहेत.

आता कोडं. बऱ्याच प्रोग्रॅमच्या आत एका पानावर त्या दिवशीच्या इतर सामन्यांची यादी छापलेली आहे, आणि प्रत्येक सामन्यापुढे ए, बी, सी, डी अशी अक्षरं. त्या अक्षरांपुढे पेन्सिलीने आकडे लिहिलेत. कधी १-०, कधी ०-०. पण जुने निकाल काढून पाहिले तर हे आकडे जुळत नाहीत. आजोबांना विचारलं तर हसून म्हणाले, 'शोध की, इंजिनियर आहेस ना.' कुणाला काही सुचतंय का?

आणि तुमच्याकडेही असा काही ठेवा असेल, एखादी आठवण असेल, तर इथे लिहा. स्कॉटलंडमध्ये राहणारी, राहून गेलेली बरीच मंडळी इथे आहेत हे मला माहीत आहे.

मी_माझा_शनिवार (शनिवार, रात्री ९.४०)

मस्त धागा! आकडे म्हणजे सट्टा असेल. तिथे फुटबॉल पूल्स चालायचे ना, घरोघरी निकालांचे अंदाज भरायचे कागद यायचे. त्याचे अंदाज असणार.

कूपरेज (शनिवार, रात्री १०.३१)

पूल्सचा अंदाज वाटत नाही, त्यासाठी वेगळा छापील कागद असायचा. पण खरं उत्तर मलाही ठाऊक नाही.

माझी आठवण रेडिओची. सत्तरच्या दशकात गिरगावात आमच्या चाळीत एकाच घरी चांगला शॉर्टवेव्ह रेडिओ होता. शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास, म्हणजे तिकडे संध्याकाळचे पाच, बीबीसीवर निकाल वाचले जायचे. इंग्लंडचे संपले की स्कॉटलंडचे. ती नावंच कानाला गोड लागायची. पार्टिक थिसल. क्वीन ऑफ द साउथ. स्टेनहाउसम्युअर. काउडनबीथ. निवेदकाच्या आवाजाच्या चढउतारावरून दुसऱ्या संघाचे गोल कळण्याआधीच कोण जिंकलं ते ओळखायचं, हा आमचा खेळ. हार्ट ऑफ मिडलोदियन हे फुटबॉल क्लबचं नाव आहे यावर माझ्या थोरल्या भावाचा कितीतरी दिवस विश्वास नव्हता.

स्कॉटलंडचं आणि आपलं फुटबॉलचं नातं जुनं आहे, हे इथे सांगायला हवं. ड्युरंड कप १८८८ साली सिमल्याला सुरू झाला. त्याच्या पहिल्याच अंतिम सामन्यातले दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचे होते. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलँड लाइट इन्फन्ट्रीला २-१ असं हरवलं. तीन वर्षांनी मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. आम्ही कूपरेजच्या लाकडी फळ्यांवर बसून रोव्हर्सचे सामने पाहिले ते सगळं त्याच वाटेने आलेलं.

क्लाइडकाठ (रविवार, ११ जानेवारी, सकाळी ११.०५)

कोड्याचं उत्तर मला माहीत आहे. पण आजोबांनी 'शोध' म्हटलंय, तर संध्याकाळपर्यंत थांबतो. बघू कुणी ओळखतंय का.

मी १९६९ साली ग्लासगोला शिकायला आलो तो इथलाच झालो. डॉक्टरकी संपून आता बारा वर्षं झाली. इथल्या हॅम्पडेन मैदानावरचा मोठा जमाव मी पाहिला आहे. १५ एप्रिल १९७०, सेल्टिक विरुद्ध लीड्स, युरोपियन कपचा उपांत्य सामना. सेल्टिकच्या मैदानात एवढी माणसं मावणार नाहीत म्हणून तो हॅम्पडेनला नेला होता. १ लाख ३० हजारांहून जास्त लोक होते. वसतिगृहातल्या एका मित्राने तिकीट मिळवलं होतं. उभ्याच्या जागेत आम्ही शिरलो, आणि त्यानंतर नव्वद मिनिटं माझे पाय माझ्या मर्जीने हलले नाहीत. गर्दी डावीकडे झुकली की आपण डावीकडे. सेल्टिक २-१ जिंकलं. चारच दिवस आधी त्याच मैदानावर समुद्रपक्षींच्या ॲबर्डीनने सेल्टिकला कपच्या अंतिम सामन्यात ३-१ असं हरवलं होतं. ॲबर्डीनचा कर्णधार मार्टिन बकन तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आजोबांच्या डब्यात तो प्रोग्रॅम असायलाच हवा, बघा बरं.

मी_माझा_शनिवार (रविवार, दुपारी १२.२०)

काका, हॅम्पडेनला एकदा दोन लाख लोक आले होते ना?

क्लाइडकाठ (रविवार, दुपारी १.१५)

नाही. सर्वांत मोठी गर्दी १७ एप्रिल १९३७ ची, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. छापील आकडे थोडे वेगवेगळे मिळतात, पण सगळे दीड लाखाच्या किंचित खाली. स्कॉटलंडने ३-१ असा तो जिंकला.

तालीमवाला (रविवार, दुपारी २.०२)

मी कोल्हापूरचा, सध्या मुक्काम डंडी. लहानपणी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालमीचे सामने बघत वाढलो, त्यामुळे गल्लीवरून संघ ठरणं मला नवं नाही. पण डंडीने मलाही चकित केलं. इथे डंडी आणि डंडी युनायटेड या दोन क्लबांची मैदानं, डेन्स पार्क आणि टॅनाडाइस, एकाच रस्त्यावर आहेत. एका फाटकातून निघालात की दोन-तीन मिनिटांत दुसऱ्याच्या फाटकाशी. घराण्यात भाऊ एकीकडे आणि बहीण दुसरीकडे असं सर्रास असतं.

गोथेनबर्गनंतर तीनच दिवसांनी, १४ मे १९८३ ला, डंडी युनायटेडने लीग जिंकली. तीही कुठे, तर शेजाऱ्याच्याच अंगणात, डेन्स पार्कवर, डंडीला २-१ हरवून. राल्फ मिल्नने सुरुवातीलाच लांबून गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू टाकला होता. माझ्या कचेरीतला एक सहकारी तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो म्हणतो की सामना संपल्यावर वडिलांच्या खांद्यावर बसून तो घरी आला, आणि वडील रस्त्यात कुणाही अनोळखी माणसाला मिठी मारत होते. खालून मिठी आणि वर हा.

माझ्याकडची वस्तू साधीच आहे. जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानातून दोन पौंडांना घेतलेला नारिंगी-काळा लोकरी स्कार्फ. हातविणीचा आहे, एका टोकाला टाके निसटलेत. या नारिंगी रंगाची गोष्ट मोठी छान. १९६७ च्या उन्हाळ्यात डंडी युनायटेडचा संघ अमेरिकेत एका स्पर्धेत 'डॅलस टॉर्नेडो' या नावाने खेळला आणि तिथे नारिंगी कपडे घातले. १९६९ मध्ये क्लबने तोच रंग कायमचा घेतला. त्याआधी काळे-पांढरे होते. म्हणजे हा स्कार्फ त्यानंतरचाच, एवढी तारीख तर रंगावरूनच लागते.

आणि एक गोष्ट अभिमानाने सांगतो. बार्सिलोनाशी डंडी युनायटेड अधिकृत स्पर्धांत चार वेळा खेळलं, १९६६ च्या मोसमात दोनदा आणि १९८७ साली दोनदा. चारही जिंकले.

लीथची_सून (रविवार, संध्याकाळी ६.४८)

मी एडिनबराची, म्हणजे लग्नाने लीथची. सासरे पक्के हिब्सवाले, म्हणजे इथल्या हायबर्नियन क्लबचे चाहते. घरात त्यांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत एक हिरवा स्कार्फ होता, आणि मागच्या अंगणात गवताचा एक चौकोन. त्या चौकोनाची हकिगत त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात सांगितली. ४ जून १९७७, वेम्बली. स्कॉटलंडने इंग्लंडला २-१ हरवलं, मक्वीन आणि डलग्लीशचे गोल. सामना संपताच हजारो स्कॉटिश लोक मैदानात उतरले, गोलपोस्टवर चढले, वरची आडवी दांडी मोडली, आणि हिरवळीचे तुकडे कापून कोटाच्या खिशात घालून घरी आणले. सासऱ्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आपला तुकडा रात्रीच्या बसने एडिनबराला आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मातीत लावला. ते त्या जागेला स्वतः कात्रीने कापायचे. यंत्र तिथे चालवू द्यायचे नाहीत.

हिब्सने स्कॉटिश कप १९०२ मध्ये जिंकला होता. त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंत पोचायचे आणि हरायचे, असं दहा वेळा झालं. सासरे २०१३ च्या हिवाळ्यात गेले. २१ मे २०१६ ला आम्ही दोघं हॅम्पडेनला होतो. रेंजर्सविरुद्ध ८० व्या मिनिटापर्यंत १-२ असे मागे होतो. मग कॉर्नरवरून स्टोक्सने बरोबरी केली. आणि नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर पुन्हा तसाच कॉर्नर, पुन्हा हेंडरसननेच घेतलेला, आणि कर्णधार डेव्हिड ग्रेने डोक्याने गोल केला. ११४ वर्षं! माझ्या नवऱ्याने आनंदाने उडी वगैरे मारली नाही. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. आजूबाजूला पन्नाशी-साठीचे कितीतरी पुरुष तसेच रडत होते.

परत येताना त्याने सामन्याचं तिकीट त्या गवताच्या चौकोनाशेजारी एका बाटलीत घालून पुरलं. माझं तिकीट मात्र माझ्याकडे आहे.

कूपरेज (रविवार, संध्याकाळी ७.१०)

ताई, वाचून डोळे भरून आले.

क्लाइडकाठ (रविवार, रात्री ८.३०)

संध्याकाळ झाली, आता उत्तर सांगतो.

तेव्हा खिशात फोन नव्हते, ट्रान्झिस्टरही सगळ्यांकडे नसत. पण दुसऱ्या मैदानावर काय चाललंय ते जाणून घ्यायची ओढ आजच्याइतकीच. म्हणून ब्रिटनमधल्या बऱ्याच मैदानांवर एका टोकाला मोठा फलक असायचा आणि त्यावर फक्त अक्षरं रंगवलेली असत, ए, बी, सी. मध्यंतरात फोनवरून बातमी यायची, आणि एक माणूस त्या त्या अक्षरापुढे आकड्यांच्या पाट्या टांगत जायचा. कुठलं अक्षर म्हणजे कुठला सामना, हे फक्त प्रोग्रॅममध्ये छापलेलं. म्हणजे प्रोग्रॅम विकत घेतला तरच फलक वाचता येणार. प्रोग्रॅम खपायलाही त्याची मदत व्हायची.

म्हणून तुमचे आकडे अंतिम निकालांशी जुळत नाहीत. ते मध्यंतराचे आहेत. तुमच्या ग्रीन फायनलच्या अंकांत मध्यंतराचे आकडे छापले असतील तर एखाद्या शनिवारचा प्रोग्रॅम आणि त्याच शनिवारचा अंक शेजारी ठेवून पडताळून पाहा.

समुद्रपक्षी (रविवार, रात्री ९.५५)

काका, जुळलं! एका तारखेचे दोन्ही कागद मिळाले. सगळी अक्षरं जुळली, फक्त एक नाही, तिथे फलकावरच चूक झाली असावी किंवा लिहिणाऱ्याची. १९७० च्या अंतिम सामन्याचा प्रोग्रॅमही निघाला. आता पुढच्या रविवारी आजोबांना भेटायला जाणार आहे.

जीर्णपान (सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ९.१८)

समुद्रपक्षी, भेटायला जाण्याआधी एक विनंती. मी पुण्यात जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते. तो पत्र्याचा डबा ताबडतोब बदला. झाकणाला आतून गंज असेल तर तो कागदात उतरतो. प्रोग्रॅमच्या मधल्या पिनाही बघा. तांबूस डाग पसरत असेल तर पिना पाठीमागून हलक्या हाताने सरळ करून काढा आणि त्या जागी सुती दोरा ओवा. पाकिटं पॉलिएस्टरची घ्या, साधं पीव्हीसी प्लॅस्टिक नको, ते काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढून घेतं. सेलोटेप तर कधीच नाही, आणि लॅमिनेशन म्हणजे कागदाचा जीव घेणं.

ग्रीन फायनलचे अंक वेगळे ठेवा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होत राहतं, आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही तो पिवळा करतो. प्रत्येक अंकाच्या मध्ये आम्लरहित कागद घाला, आणि उजेडापासून दूर, आडवे ठेवा.

पेन्सिलीच्या खुणा मात्र खोडू नका. पुष्कळ लोक 'स्वच्छ प्रत' हवी म्हणून खोडरबर फिरवतात, विकताना भाव जास्त येतो म्हणून. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट शाईपेक्षा जास्त टिकतं, फिकं पडत नाही. छापील प्रोग्रॅम तर त्या दिवशी हजारोंनी निघाले होते, ही अक्षरं असलेला हा एकच आहे.

हुगळीपार (सोमवार, रात्री ११.०२)

कोलकात्यात तीस वर्षं काढलेला मराठी माणूस मी. स्कॉटलंड आणि जपलेला कागद म्हटल्यावर मोहम्मद सलीम आठवलेच पाहिजेत.

मोहम्मडन स्पोर्टिंगचे सलीम १९३६ साली ग्लासगोला सेल्टिककडे चाचणीसाठी गेले. ते अनवाणी खेळायचे. बूट घातले तर खेळ जमेना, म्हणून पायांना नुसत्या पट्ट्या बांधून त्यांना खेळू दिलं. सेल्टिकचे जुने खेळाडू जिमी मॅकमेनेमी खाली वाकून त्यांच्या पायांना पट्ट्या बांधताहेत, असा एक फोटो आहे. तो जरूर शोधून पाहा. गोऱ्या साहेबांच्या राज्यातला तो काळ आणि फोटोत कोण कोणाच्या पायाशी बसलंय, हे बघून मी कितीतरी वेळ तसाच बसलो होतो. सेल्टिकच्या राखीव संघाकडून ते दोन सामने खेळले, गॅल्स्टनविरुद्ध ७-१ आणि हॅमिल्टनविरुद्ध ५-१. क्लबला त्यांना ठेवून घ्यायचं होतं, पण घरच्या ओढीने सलीम परत आले.

पुढे म्हातारपणी ते आजारी पडले तेव्हा त्यांच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिलं. उत्तरात शंभर पौंडांचा चेक आला. मुलाला पैसे नकोच होते. वडिलांची आठवण तिथे अजून आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं. चेक त्याने वटवला नाही, जपून ठेवला.

नवी_ग्लासगोकर (मंगळवार, १३ जानेवारी, दुपारी १२.३३)

मी इथे शिकायला येऊन दीड वर्ष झालं. घराजवळ कॅथकिन पार्क आहे. पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हा झाडांमध्ये गोलाकार सिमेंटच्या पायऱ्या दिसल्या, त्यांवर लाल रंगाचे लोखंडी कठडे. मधोमध हिरवळ, आणि पायऱ्यांच्या फटींतून वर आलेली मोठाली झाडं. मला वाटलं उघडं नाट्यगृह असेल. मग एका कुत्रा फिरवणाऱ्या आजींनी सांगितलं की हे थर्ड लॅनार्कचं मैदान. १८७२ साली स्थापन झालेला, १९०४ साली लीग जिंकलेला क्लब १९६७ मध्ये बंद पडला. शेवटचा सामना २८ एप्रिल १९६७ ला डम्बार्टनमध्ये ५-१ असा हरला.

हे म्हणे दुसरं हॅम्पडेन, म्हणजे क्वीन्स पार्क क्लब आधी इथे खेळायचा. मी त्या पायऱ्यांवर कधीकधी डबा खाते. बसायला छान जागा आहे.

तालीमवाला (मंगळवार, दुपारी १.०८)

तिथे मी एकदा मुद्दाम गेलो होतो. कठड्याला हात लावला तेव्हा अंगावर काटा आला. सेल्टिकने लिस्बनला युरोपियन कप जिंकला तो २५ मे १९६७ ला. म्हणजे एकाच शहरातला एक क्लब संपल्यानंतर महिनाही झाला नव्हता.

मी_माझा_शनिवार (मंगळवार, रात्री ८.४४)

एक प्रश्न. इंटरनेटवर २ जानेवारी १९७१ च्या रेंजर्स-सेल्टिक सामन्याचा प्रोग्रॅम विकायला दिसला. संग्रहात ठेवण्यासारखा आहे का? काका, तुम्ही तेव्हा ग्लासगोतच होतात.

क्लाइडकाठ (बुधवार, १४ जानेवारी, सकाळी ७.२०)

रात्री हे वाचलं आणि सकाळी लिहितो आहे.

त्या दिवशी मी सामन्याला नव्हतो, रुग्णालयात होतो. कनिष्ठ डॉक्टर, नववर्षाच्या सुट्टीची पाळी. रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना ०-० चालला होता. ८९ व्या मिनिटाला जिमी जॉन्स्टनने सेल्टिकसाठी गोल केला आणि लगेचच कॉलिन स्टीनने बरोबरी केली. लोक बाहेर पडत असताना तेरा क्रमांकाच्या जिन्यावर कुणीतरी पडलं, मागच्यांना थांबता आलं नाही. ६६ जण गेले. त्यात शाळकरी मुलं होती. एकाच गावातून एकत्र आलेली पाच मुलं होती. कितीतरी वर्षं लोक सांगायचे की बरोबरीचा गोल ऐकून बाहेर पडणारे परत वळले आणि त्यामुळे हे झालं. चौकशीत ते खरं निघालं नाही. सगळे एकाच दिशेने, खाली उतरत होते.

आमच्याकडे आले त्यांच्यातले काही श्वास कोंडून गेलेले. अंगावर एक ओरखडा नाही. निळा स्कार्फ गळ्यात तसाच. आम्ही स्कार्फ सोडवून बाजूला एका खुर्चीवर ठेवत होतो, आणि रात्री उशिरा त्या खुर्चीकडे बघवेना. कुठला कोणाचा हे कळायला मार्ग नव्हता. एका परिचारिकेने ते सगळे घडी करून ठेवले, कुणी विचारायला येईल म्हणून.

१९७५ साली मैदानांच्या सुरक्षेचा कायदा झाला तो या घटनेनंतरच्या चौकशीतून. आज आयब्रॉक्सवर जो बदल दिसतो त्याचं मूळही इथे आहे.

प्रोग्रॅमचं म्हणाल तर ज्याचा माणूस त्या दिवशी गेला त्याच्या घरात तो असेल तर ती त्या घराची वस्तू आहे. बाजारात पैसे देऊन तो मी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मी_माझा_शनिवार (बुधवार, सकाळी ८.०१)

घेणार नाही काका. विचारलं त्याबद्दल माफ करा.

क्लाइडकाठ (बुधवार, सकाळी ८.१५)

अहो, माफी कसली. विचारलंत म्हणून पंचावन्न वर्षांनी लिहिलं गेलं.

जीर्णपान (बुधवार, सकाळी १०.४०)

काका, मला थोडं वेगळं वाटतं. असे कागद एखाद्या संग्रहालयात, म्हणजे हॅम्पडेनच्या फुटबॉल संग्रहालयासारख्या ठिकाणी असावेत. विकत घेऊन तिथे दिला तर? बाजारात फिरत राहण्यापेक्षा ते बरं. पण तुम्ही जे पाहिलंत ते मी पाहिलेलं नाही, म्हणून हट्ट धरत नाही.

समुद्रपक्षी (रविवार, १८ जानेवारी, रात्री १०.२६)

आजोबांना भेटून आलो. सविस्तर लिहितो.

जीर्णपान, तुमच्या सांगण्याप्रमाणे प्रोग्रॅम पाकिटांत घालून नेले होते. १९५४ चा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, 'ही मध्यंतराची अक्षरं. फलकावरून उतरवलेली.' ते म्हणाले, 'इंजिनियरला आठवडा लागला.' मी कबूल केलं की ग्लासगोच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. काका, तुम्हाला त्यांनी नमस्कार सांगितला आहे, तुम्ही ग्लासगोचे असलात तरी.

मग त्यांनी मला पान जवळ धरून अक्षर नीट बघायला सांगितलं. आकडे ठळक, दाबून लिहिलेले, थोडे तिरके. ते त्यांचे नाहीतच. ते वडिलांचं अक्षर. वडील ग्रॅनाइट घडवायच्या कारखान्यात दगड फोडायचे. दगडाची कपची उडून एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याने लांबचं दिसायचं नाही. सामना त्यांना दिसायचा तो जवळच्या कडेने चेंडू गेला तर तेवढाच. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. वडिलांनी त्यांना फिरत्या फाटकावरून उचलून आत घेतलं होतं. लहान मुलांना असं उचलून नेलं की पैसे पडत नसत, आणि फाटकावरचा माणूस तिकडे बघायचा नाही. त्या ४५ हजारांत वडील पोराला पुढे कठड्यावर बसवायचे आणि सामना पोराच्या तोंडून ऐकायचे. कोणाकडे चेंडू आहे, कोण धावतोय, कोण पडला. मध्यंतरात फलक लागला की आजोबा अक्षरं वाचून दाखवायचे आणि वडील लिहायचे. 'डी, एक-शून्य.' 'ई, शून्य-शून्य.' नव्वद मिनिटं बोलून घसा बसायचा, म्हणून वडील बोव्ह्रिलचा, म्हणजे गोमांसाच्या अर्काच्या पेयाचा, गरम पेला त्यांनाच देत.

जे एक अक्षर जुळत नव्हतं त्याबद्दलही विचारलं. म्हणाले, 'ते माझं चुकलं असणार. मी कधीकधी पाट्या टांगणाऱ्या माणसाकडे बघत राहायचो.'

पुढे मी डब्यातले सगळे प्रोग्रॅम वर्षाप्रमाणे लावले. १९६१ च्या शरद ऋतूपर्यंत तेच दाबलेलं तिरकं अक्षर. त्यानंतरच्या वर्षभरात कुठेच आकडे नाहीत, पानं कोरी. मग पुन्हा आकडे सुरू होतात, बारीक आणि सरळ. ते आजोबांचं.

लीथची_सून (रविवार, रात्री १०.५१)

त्या वर्षभरात ते सामन्यांना जात होते?

समुद्रपक्षी (रविवार, रात्री ११.०४)

हो ताई. प्रोग्रॅम आहेत ना, एकही सामना चुकलेला नाही. मी नेमका हाच प्रश्न त्यांना विचारला. म्हणाले, फलक तेव्हाही वाचायचो, मोठ्याने.

जीर्णपान (सोमवार, १९ जानेवारी, सकाळी ९.०६)

ती कोरी पानं असलेले प्रोग्रॅम वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर वर्ष लिहा. पेन्सिलीने.